कोमल सरांच्या खाचरात

परत येऊन आठवडा झाला, तरी मुलींच्या बुटांच्या तळव्यांतून अजून भाताची धसकटं निघताहेत, असे निरोप त्यांच्या आयांकडून येत आहेत. एकीनं तर फोटोच पाठवला. मी माझे बूट अजून साफ केलेले नाहीत.

तुमच्यापैकी बरेच जण तोरण्यावर, राजगडावर जाऊन आले असतील. मीही दोन्ही गडांच्या पायथ्यावरूनच गेले, पण गड चढले नाही. आम्ही गेलो होतो फुटबॉल खेळायला. खरं सांगायचं तर मी एका मुलीला परत आणायला गेले होते.

आमच्या संघाचं नाव ‘रविवार मंडळी’. पुण्यातल्या आमच्या वसाहतीमागचं मैदान, दहा ते चौदा वर्षांच्या मुली, आणि मी. मी मूळची खो-खोवाली. फुटबॉल चाळिशीनंतर या मुलींबरोबरच शिकले. आमच्याकडे निवड-बिवड नसते. जी येईल ती संघात, आणि प्रत्येकीला निदान अर्धा सामना मिळालाच पाहिजे, हा एकच नियम. त्यामुळे करंडक आमच्या वाटेला फारसे येत नाहीत.

कोमल आमची गोलकीपर. तिचे वडील मारुतराव आमच्या भागात शाळेची व्हॅन चालवायचे. एका रविवारी ते तिला घेऊन मैदानाशी थांबले, आणि ती लहानगी कुणी न सांगता गोलमध्ये जाऊन उभी राहिली, कारण तिथं दुसऱ्या कुणालाच उभं राहायचं नव्हतं. मग ती तिथलीच झाली. चेंडू अडवला की मान वर न करता उजवीकडे फेकायची, आणि तिथून ऋतुजा हात वर करून “कोमल!” ओरडत पळत सुटलेली असायची. ते मी शिकवलं नव्हतं. त्या दोघींनी आपापसात बसवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी मारुतरावांच्या थोरल्या भावाला अर्धांगवायू झाला. वेल्ह्याच्या पलीकडे त्यांची भातशेती, ती बघायला कुणी उरलं नाही. आठवड्याभरात सगळं घर गावी गेलं. कोमलला निरोप घ्यायलाही जमलं नाही. त्या रविवारी मी शिट्टी हातात धरून उभी होते आणि गोल रिकामा होता. पुढे इरा नावाची एक बुजरी मुलगी तिथं उभी राहू लागली. पण चेंडू अडवला गेला की माझी नजर इराकडे न जाता त्या दिवसांकडे जायची.

मग या दिवाळीत फोन आला. “ताई, म्या हितं संघ काढलाय. खेळायला या.”

त्या ‘म्या’नं मला गलबलून आलं. पुण्यात असताना ती ‘मी’ म्हणायची.

मी कुणाला न विचारता हो म्हणून टाकलं. नाताळच्या सुट्टीत एक मिनीबस ठरवली, सोबतीला इराची आई मीनल तयार झाली. आणि मनात एक बेत होता, तो फक्त मीनलला सांगितला. आमच्या जवळच्या शाळेत जूनमध्ये कोमलला प्रवेश मिळत होता, आणि माझ्या घरात एक खोली रिकामी आहे. मीनलनं ऐकून घेतलं. “विचारून बघ,” एवढंच म्हणाली.

भोर

पहिला मुक्काम भोरला, कारण तिथं कांबळे सर. त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान आहे आणि संध्याकाळी ते गावातल्या पोरांना फुटबॉल शिकवतात. आमची ओळख एका प्रशिक्षण शिबिरातली. “जाताय तर आमच्याशी खेळल्याशिवाय जायचं नाही,” असा त्यांचा हुकूम होता.

मैदानावर पोचल्यावर कळलं की वेगळ्या रंगाच्या बनियनांची पिशवी पुण्यातच राहिली, आणि दोन्ही संघ निळे. कांबळेवहिनी घरी जाऊन एक जुनी पिवळी साडी घेऊन आल्या, तिथंच टराटरा फाडली आणि आमच्या प्रत्येकीच्या दंडाला पट्टी बांधली. मुली म्हणाल्या, आपण वऱ्हाडी दिसतोय.

पुण्यात सामना असला की मैदानाच्या कडेला पालकांची ही गर्दी. प्रत्येकाची सूचना वेगळी. भोरला एकाचेही आईबाप आले नव्हते. भिंतीवर चार म्हातारे बसले होते, त्यांना कुणाचीच बाजू नव्हती. “आरं, त्या बारक्या पोरीकडं दे की! मगाधरनं मोकळी हुबी हाय,” असं ते दोन्ही संघांना सारख्याच कळवळ्यानं सांगत होते. खेळ रंगात आला असताना रस्त्यावरून एसटीचा भोंगा ऐकू आला, तशी भोरच्या संघातली दोन पोरं चेंडू सोडून पळाली, दप्तरं उचलली आणि गेली.

“त्यांच्या गावाची शेवटची गाडी हाय,” कांबळे सर शांतपणे म्हणाले. “आमचा सामना घड्याळावर न्हाई, एसटीवर चालतो.”

दोन खेळाडू कमी होऊनही त्यांनी आम्हाला हरवलं. इरानं चार गोल खाल्ले. चौथा तर तिच्या पायांमधून गेला. ती रडली नाही. रात्री जेवायला कांबळेवहिनींनी आंबेमोहराचा भात केला होता, त्याचा वास जिन्यापर्यंत आला होता. सोबत अंड्याचा रस्सा. बाकीच्या मुलींनी पातेली रिकामी केली. इरा भात चिवडत बसली.

आणि मी तिच्याकडे बघत विचार करत होते, की कोमल असती तर यातले दोन तरी अडले असते.

नसरापूर सोडल्यावर

दुसऱ्या दिवशी पुन्हा कापूरहोळवरून मागे आलो. कामथडीपाशी हायवेच्या कडेला बायका मटार घेऊन बसल्या होत्या. मुलींनी पिशवीभर घेतला आणि गाडीभर सालं केली. ड्रायव्हर वेल्हं येईपर्यंत आमच्याशी बोलला नाही. नसरापूरहून आत वळलं की डोंगर जवळ येतात. डावीकडे राजगड बराच वेळ सोबत करतो, मग समोर तोरणा उभा राहतो. तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण रस्ता विचारला तर सगळे वेल्हंच म्हणतात. भात कापून झालेला, खाचरं पिवळी पडलेली. अधूनमधून हरभऱ्याचे हिरवे तुकडे, आणि घराघराशी पेंढ्याच्या उंच गंजी.

वेल्ह्याच्या पुढे आमची मिनीबस जाईना. मारुतरावांनी एक पिकअप पाठवली होती. मुली मागे दांडी धरून उभ्या राहिल्या आणि प्रत्येक वळणाला किंचाळल्या. पुण्यात मी हे होऊ दिलं नसतं. इथं मीही मागेच उभी होते.

वाडीच्या तोंडाशी पंधरा-वीस पोरं रांगेत उभी. मुलगे, मुली, सहा वर्षांपासून बारापर्यंत, एकाचा शर्ट दुसऱ्यासारखा नाही. आम्हाला बघताच सगळी उलट दिशेनं पळाली. “कोमल सर, आले! कोमल सर, पुन्याचे आले!”

“सर?” ऋतुजा फिसकन हसली.

वाडीतल्या पोरांनी आजवर शिट्टी फक्त सरांच्याच गळ्यात बघितलेली. त्यामुळे जिच्या गळ्यात शिट्टी ती सर. कोमल धावत आली. माझ्या खांद्याशी असलेली मुलगी माझ्याएवढी झाली होती. येताना मी ठरवलं होतं की तिला जवळ घेईन, पण ती पुढ्यात येऊन थांबली आणि मीही थांबले.

“लई उशीर केला, ताई,” ती म्हणाली. रस्त्याला झालेल्या उशिराबद्दल बोलत होती. मला ते दुसऱ्याच अर्थानं लागलं.

ऋतुजानं मात्र काही विचार केला नाही. तिनं सरळ मिठी मारली, आणि मग सगळ्याच जणी तिच्यावर पडल्या. इरा तेवढी बाजूला उभी होती. दोघींनी एकमेकींना आधी बघितलेलं नव्हतं.

वाडी

मैदान म्हणजे एक खाचर. तीन बाजूंना बांध, चौथ्या बाजूला बांधाखाली दुसरं खाचर, त्याखाली ओढा. चेंडू तिकडे गेला की एका पोरानं ओढ्यापर्यंत उतरायचं, अशी पाळी लावलेली. गोलाचे खांब बांबूचे. मारुतरावांनी बैलांमागे फळी फिरवून धसकटं दाबली होती, तरी हाताला बोचायचीच.

संध्याकाळी त्यांच्या घरी जेवलो. नाचणीची भाकरी, लसणाची चटणी, कढी, आणि हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी. ती आंबूस भाजी मी दोनदा मागून घेतली आणि कोमलच्या आईला म्हटलं, “तुमच्या शेतातला पाला किती कोवळा आहे!”

“आमचा न्हाई ओ, शेजारचा,” त्या हसून म्हणाल्या. “दरसाल भात निघाला की त्या खाचरात हरभरा पेरतो आमी. औंदा पोरींचं गिराउंड हाय तितं.”

“कोमलनं मागितलं,” मारुतराव म्हणाले. “म्हनली, ताई येनार हायत. म्हटलं, घे.”

मी जिला न्यायला आले होते, तिच्यासाठी या माणसानं एक पीक सोडलं होतं, आणि तेही मी येणार म्हणून. तरी मी बोलले. शाळेचं सांगितलं, खोलीचं सांगितलं. कोमल बाहेर मुलींना अंथरुणं द्यायला गेली होती.

मारुतरावांनी भाकरीचा तुकडा कढीत बुडवला. “पुन्याहून निघालो तवा ती व्हॅनमधी मागं तोंड करून बसली हुती, म्याडम. पार नसरापूरपातूर. म्या आरशात बघत हुतो.” मग म्हणाले, “तिला इचारा. जाते म्हनली तर म्या अडवनार न्हाई.”

आईनं माझ्या ताटात आणखी भाजी वाढली.

सकाळी हात धुवायला ओढ्यावर गेले तर इरा दगडावर बसलेली. शेजारी बसले. पाणी गार होतं, तरी ती पाय सोडून बसली होती.

“ताई, कोमल आपल्याकडे परत येणार आहे?”

“तुला कुणी सांगितलं?”

“आई फोनवर बाबांना सांगत होती.” मग पाण्याकडे बघत म्हणाली, “मला आधी गोलमध्ये आवडायचं नाही. सगळ्यांना तीच आठवायची. तुम्हाला पण. पण आता मला तिथं आवडतं. परवा चार गोल खाल्ले तरी आवडतं. ती आली की मी कुठं उभी राहू?”

कुरकूर नव्हती त्यात. खरंच विचारत होती. “आज पूर्ण सामना तूच,” मी म्हटलं. तिनं मान हलवली, पण तिच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं.

खाचरात कोमल चुलीतल्या राखेनं रेघा आखत होती. मी टोपलं धरलं. अर्धी रेघ झाल्यावर मी तिला विचारलं.

ती थांबली नाही, मूठ मूठ राख सोडत वाकून चालत राहिली. “आईनं रात्रीच सांगितलं,” ती म्हणाली. “यायचं हाय, ताई. खोटं कशाला बोलू? रविवारी सकाळी जाग येती तवा पैल्यांदा तुमचं मैदानच दिसतं. हितं मला कुनी खेळायलाच देत न्हाई. म्या सर ना! शिट्टी मारायची, भांडनं सोडवायची, रडलेल्याला गप करायचं. दोन वर्षं झाली, एकदा बी झेप घेतली न्हाई.”

“मग चल की!”

“आन ह्यांना कोन?” तिनं हनुवटीनं बांधाकडे दाखवलं. बांधावर पोरं आधीच ओळीनं येऊन बसली होती. त्यांची गोलकीपर सोनी, आठेक वर्षांची, तिच्या हातांत कुणाचे तरी लोकरीचे हातमोजे. “तुमी आला न्हाईत एखांद्या रविवारी तर आमाला कसं व्हायचं, ठावं हाय?”

मला ते माहीत नव्हतं. मी कधी चुकवलेलाच नव्हता.

“आज तरी खेळ,” मी म्हटलं. “अर्धा सामना.”

“कुनाच्या जागी? प्रत्येकाला अर्धा सामना, तुमचाच नियम हाय. कुनाचा कमी करू?”

“प्रत्येकाला म्हणजे तुलाही. सोनीचा अर्धा, तुझा अर्धा. शिट्टी मी धरते.”

ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली.

सामन्याला सगळी वाडी आली. बायका बांधावर पदर सावरून बसल्या, मारुतरावांनी भावाला खाटेसकट उचलवून आणलं. आमच्या मुली बूट घालून जपून पावलं टाकत होत्या, वाडीची पोरं अनवाणी वाऱ्यासारखी. हाफटाइमपर्यंत एक-एक. इरानं एक चेंडू छातीवर घेतला तेव्हा बांधावरची एक बाई ओरडली, “भले गं पोरी!” आणि इरानं चमकून वर बघितलं. आमच्या मैदानावर तिचं असं कौतुक कुणी केलेलं मला आठवत नाही.

दुसऱ्या अर्ध्यात कोमल गोलमध्ये गेली. सोनीचे लोकरीचे हातमोजे तिच्या बोटांच्या पेरांपर्यंतच पोचले. थोड्या वेळानं आमच्या एका मुलीनं डाव्या कोपऱ्यात सणसणीत चेंडू मारला आणि कोमल आडवी झेपावली. धसकटांवर खरचटत गेली, धूळ उडाली, आणि धूळ बसली तेव्हा चेंडू तिच्या पोटाशी. मी शिट्टीवाली, तरी मी दोन्ही हात वर करून ओरडले.

ती गुडघ्यावर आली. त्याच क्षणी उजवीकडे ऋतुजा हात वर करून पळत सुटली. “कोमल!”

आणि कोमलनं मान वर न करता चेंडू तिच्याकडे फेकला.

ऋतुजानं चेंडू पायाखाली दाबला आणि उभीच राहिली. काय झालं ते तिलाही तेव्हाच कळलं. मग वाडीची पोरं एकदम कालवा करू लागली, “सर, त्यो आपला न्हाई! सर, ती पुन्याची हाय!”

दोघी एकमेकींकडे बघत होत्या. कोमलचं कोपर रक्ताळलं होतं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. मोठी झालेली मुलगी त्यात कुठं नव्हती.

“मार की गं,” ती म्हणाली. “बघतीस काय? मार!”

ऋतुजानं मारला. फार जोरात नाही. कोमलनं झेप घेतली, बोटं लागली, पण चेंडू बांबूला घासून आत गेला.

त्या गोलानं आम्ही जिंकलो, आणि आमच्यातल्या कुणीही उडी मारली नाही. बांधाशी सोनी हमसून रडत होती. पहिला गोल तिनं खाल्ला होता, तिला वाटत होतं की हरलो ते तिच्यामुळे. कोमल आमच्याकडे आली नाही. ती सोनीपाशी उकिडवी बसली, रक्ताळलेलं कोपर मागे लपवून. “तुझा न्हाई, माझ्यामुळं झाला त्यो. म्या चुकीच्या मानसाला दिला,” असं तिला समजावत होती. सोनीला ते पटत नव्हतं, तरी कोमल पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

मी शिट्टी परत द्यायला म्हणून जवळ गेले. खरं तर उत्तर ऐकायला. कोमल उठून उभी राहिली.

“धावीची परीक्षा होऊ दे, ताई. मग बघू,” ती म्हणाली. आणि थोडं थांबून, “तुमची गोलकीपर चांगली हाय. उजवीकडं जरा उशिरा पडती, तेवढं सांगा तिला.”

ते मी सांगितलं नाही. मी इराला हाक मारली आणि त्या दोघींना एकत्र सोडलं. दुरून बघत होते. कोमल हातवारे करून काही दाखवत होती, इरा मान डोलावत होती. मग इरानं काहीतरी विचारलं आणि कोमल मोठ्यानं हसली. काय विचारलं, ते इरानं मला अजून सांगितलेलं नाही.

जेवून निघालो. कोमलच्या आईनं प्रत्येकीच्या हातात इंद्रायणी तांदळाची एकेक पुरचुंडी ठेवली. ऋतुजा गाडीत चढायला तयार नव्हती, तिला मीनलनं चढवलं. मारुतराव वळणापर्यंत चालत आले. कोमल आली नव्हती. पोरं खाचरात तिची वाट बघत होती, ती तिकडं परत गेली होती.

पिकअप चढाला लागली तेव्हा वरून खाचर दिसलं. सोनी गोलात उभी होती आणि कोमल आमच्याकडे पाठ करून तिला पडायला शिकवत होती. आवाज तेवढ्या लांबून स्पष्ट येत होता, “आदी गुडघा, मग कंबर, मग खांदा. घाबरू नगं, जमीन आपलीच हाय.” मी दांडी धरून उभी होते आणि तिनं एकदा मागं वळून बघावं असं मला फार वाटत होतं. सोनी पडली. उठली तेव्हा चेंडू तिच्या हातात होता. पोरं ओरडली, आणि कोमलनं वाकून दुसरा चेंडू उचलला.